ओकाची आणि माझी तब्येत

ओंगार, डब्लिन
आषाढ (इथे याला उन्हाळा म्हणतात आणि स्वेटर घालून फिरतात)

तीर्थस्वरूप देवदत्तमामा,

तुमच्या आणि प्रमोदिनीमामींच्या पायांवर डोकं ठेवतो, आणि फार वेळ खाली राहिलं तर चक्कर येते म्हणून लगेच उचलून पत्राला सुरुवात करतो. मामींचा गुडघा कसा आहे? तुमची साखर आटोक्यात आहे ना? आणि अंगणातला आंबा यंदा कसा लागला? (तोच, ज्याच्याखाली तुम्ही मला खुर्चीवर बसवून विद्याला पोहे घेऊन पाठवलं होतंत. त्या दिवशी मी इतका घाबरलेलो होतो की डोक्यावर आंब्याचं झाड होतं हे मला पुढे लग्नाच्या अल्बममध्ये कळलं.) आंब्याची चौकशी मी उगाच करत नाही. हल्ली मी कुठल्याही झाडाची चौकशी आधी करतो आणि माणसांची नंतर. असं का, हे पत्र संपेपर्यंत तुमच्या लक्षात येईल.

आमच्याकडची खुशाली अशी. विद्या ठणठणीत आहे. रेवाला तेरावं लागलं. मराठी तिला सगळं समजतं, पण उत्तर ज्या इंग्रजीत देते ते समजायला मला पुन्हा विचारावं लागतं. मी अजून त्याच औषधाच्या कारखान्यात गुणवत्ता तपासतो, म्हणजे काय काय बिघडू शकेल याचा दिवसभर पगारी विचार करतो आणि घरी आल्यावर तोच विचार फुकट करतो. जानेवारीत माझ्या छातीत स्टेंट बसवला हे तुम्हाला माहीत आहेच. आता इथल्या लोकांचा एक शब्द आहे, 'ग्रँड'. आपल्याकडे ग्रँड म्हणजे हॉटेल, नाहीतर लग्न. इथे ग्रँड म्हणजे ठीक. चहा ग्रँड, हवा ग्रँड, गाडी भिंतीला घासली तरी ग्रँड. हृदयाच्या डॉक्टरांनी माझे कागद पाहिले, "यू आर ग्रँड, उल्हास" म्हणाले आणि रोज संध्याकाळी अर्धा तास भरभर चालायला सांगितलं. जो माणूस खरोखर ग्रँड आहे त्याला चालायला कशाला लावतील? तेव्हापासून तो शब्द ऐकला की माझी नाडी वाढते. चालण्याचं म्हणाल तर मी ते मनावर घेतलं होतं, पायांवर घ्यायचं तेवढं राहून गेलं. इथे संध्याकाळी पाऊस असतो. पाऊस नसला तर वारा असतो. दोन्ही नसले तर मीटिंग असते.

फोन करायचा सोडून पत्र का लिहितोय, असं तुमच्या मनात आलं असेल. फोनवर बोललो तर विद्या ऐकते, आणि व्हॉट्सॲपवर घरच्या ग्रुपवर लिहिलं तर ते तुमच्याकडे पोहोचायच्या आधी विजयालक्ष्मीआत्या त्यावर हात जोडलेले दोन पंजे टाकते. शिवाय तुमचाच नियम आहे. कीटकशास्त्रातल्या तुमच्या सगळ्या नोकरीत तुम्ही शेतकऱ्यांना सांगत आलात की लक्षणं कागदावर लिहून पाठवा, तोंडी सांगणारा निम्मी विसरतो आणि निम्मी वाढवतो. तर मी लक्षणं लिहून पाठवत आहे. (पान सोबत जोडलेलं नाही. परदेशातून झाडाचं पान पाकिटात घालून पाठवणं हा गुन्हा आहे की काय, हे पाहायला बसलो आणि जे वाचलं त्याने अर्धा दिवस घाम फुटला होता.)

या सगळ्याचं मूळ वटपौर्णिमेत आहे. ओंगारमध्ये वड नाही. ओंगारमध्ये एकसारखी घरं आहेत, एकसारखी कुंपणं आहेत, आणि भाद्रपदात एकमेकांकडे मोदक नेताना चुकीच्या दारावर टकटक करणारी मराठी माणसं आहेत. गेल्या वर्षी आमच्या बायकांनी वृंदाच्या घरी फायकसची कुंडी कॉफीच्या टेबलावर ठेवून फेऱ्या घातल्या होत्या. फायकस हा वडाचाच भाऊबंद, असं गुगलवरून ठरलं होतं. दिवाळीच्या सुमाराला घरातलं हीटिंग सुरू झालं, फायकसची सगळी पानं गळून टेबलावर पडली, आणि त्याच आठवड्यात वृंदाच्या नवऱ्याची, यशोधनची, नोकरी गेली. (कंपनीने कारण वेगळं दिलं होतं. कंपन्या देतातच.) मी विज्ञान मानणारा माणूस आहे, मामा. त्या वेळी मी यशोधनच्या पाठीवर हात ठेवून 'दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं नव्हे' हे त्याला स्वच्छ समजावून सांगितलं होतं. पण तेव्हा माझ्या छातीत स्टेंट नव्हता आणि माझ्या नावाचं झाडही नव्हतं.

तर यंदा कुंडी नको, चांगलं जमिनीत उभं असलेलं दणकट झाड हवं, असं ठरलं आणि विद्याने आमच्या वसाहतीच्या मधल्या हिरवळीवरचा ओक सुचवला. कारण दोन. एक, ओक शेकडो वर्षं जगतो. दुसरं, तुमची भाची माहेरची ओक. "माझं माहेरचंच झाड आहे," असं ती इथे आल्यापासून म्हणते, आणि येता-जाता त्याच्या बुंध्यावर अशी थाप मारते की जणू तो तिचा चुलतभाऊ आहे. झाड खरोखर भारदस्त आहे. घरं बांधायच्या आधीपासूनचं आहे; बिल्डरने सगळं सपाट केलं आणि जाहिरातीतल्या चित्रात शोभेल म्हणून तेवढं एक ठेवलं. एका बाजूला डांबरी रस्ता, दुसऱ्या बाजूला गाड्या लावायची जागा, आणि मध्ये हा, चाळीतल्या खोलीत उभ्या केलेल्या हत्तीसारखा.

पौर्णिमेच्या दिवशी मी पूजेला नव्हतो, पिशव्या धरायला होतो. बायका ओकाला सूत गुंडाळू लागल्या आणि मला भुरभुर पावसाचा आवाज आला. इथे पाऊस ही बातमी नव्हे, म्हणून मी छत्री उघडली. मग लक्षात आलं की बाकीच्या हिरवळीवर चक्क ऊन आहे आणि पाऊस फक्त झाडाखाली पडतोय. छत्री मिटून पाहिली तर वर खसखशीसारखे काळे बारीक कण. मामा, तुम्हाला सांगायला नको, पण मला तेव्हा सांगायला कुणी नव्हतं: ती अळ्यांची विष्ठा होती. वर इतक्या अळ्या इतक्या निष्ठेने खात होत्या की खाली त्याचा आवाज येत होता. तेवढ्यात त्या स्वतःही यायला लागल्या, एकेका रेशमाच्या धाग्यावरून, लिफ्टने उतरल्यासारख्या. हिरव्यागार, पाठीची कमान करून चालणाऱ्या, आपल्या उंटअळीसारख्या. एक वृंदाच्या अंबाड्यात उतरली. एक वाणाच्या आंब्यावर उतरली आणि शिंप्याने माप घ्यावं तसा तो आंबा या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजत गेली. वृंदा जी ओरडली त्याने समोरच्या तीन घरांचे पडदे हलले. उरलेल्या फेऱ्या बायकांनी ज्या वेगाने मारल्या तो वेग मी सात जन्मांच्या कुठल्याच विधीत पाहिलेला नाही. तुमची भाची तेवढी शांत. तिने टिचकीने आंब्यावरची अळी उडवली, "मामाच्या डब्यांतल्या याच्या दुप्पट असायच्या," म्हणाली आणि शेवटची फेरी रांगोळी काढावी तशी सावकाश घातली.

 घरी येताना मी मागे वळून पाहिलं. बुंध्याला पांढरं सूत, त्यावर हळद-कुंकू, आणि वरच्या पानांतून आभाळ दिसायला लागलेलं.

पुढच्या आठवड्याभरात सगळं आभाळच दिसायला लागलं. पानांच्या नुसत्या शिरा उरल्या, मग त्याही गेल्या. आठवड्यातले काही दिवस मी घरून काम करतो ती खोली नेमकी त्या झाडासमोर. म्हणजे मी इकडे बिघाडाचे अहवाल तपासतोय आणि तिकडे माझं उरलेलं आयुष्य कोणीतरी कुरतडून खाली टाकतंय. छातीत डावीकडे काहीतरी हललं. (तो स्टेंट हलल्याचा भास आहे, स्टेंट हलत नसतो, असं नर्सने फोनवर दोनदा सांगितलं. "यू आर ग्रँड," असंही सांगितलं.) मी बाहेर गेलो तर डिक्लन कुत्र्याला फिरवत होता. डिक्लन म्हणजे आमच्या रहिवासी समितीचा अध्यक्ष, आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेला, तोंडात सदैव पेपरमिंट. मी झाडाकडे बोट दाखवून विचारलं, काय रे हे? त्याने मान वर करून ते उघडं-बोडकं झाड पाहिलं आणि म्हणाला, "ॲह, शी'ज ग्रँड." मामा, तेच शब्द. त्याच सुरात. मी तिथल्या तिथे बाकावर बसलो.

माझं दुर्दैव इथे थांबलं असतं तर मी पत्र लिहिलंच नसतं. पण कोणीतरी ओकाच्या बुंध्याचा फोटो काढून वसाहतीच्या ग्रुपवर टाकला: बघा, झाडाला पांढरं जाळं! युरोपात ओकावर एक अळी असते, मिरवणुकीसारखी एकामागे एक ओळ धरून चालणारी. तिचे केस अंगाला लागले की पुरळ उठतं, श्वास लागतो, आणि ती खोडावर पांढरं रेशमी जाळं विणते. आयर्लंडमध्ये ती शिरू नये म्हणून सरकार डोळ्यांत तेल घालून बसलेलं असतं. दिसली की कळवावंच लागतं. कोणीतरी कळवलं. दुपारपर्यंत झाडाभोवती लाल-पांढरी पट्टी, हिरवळ बंद, पोरं घरात, आणि ग्रुपवर ज्याला त्याला खाज. यशोधनलाही सुटली होती, आणि तो त्या आठवड्यात दूर लिमरिकला होता.

मी पडद्याआडून फोटो मोठा करून पाहिला. ते जाळं नव्हतं. ते आमचं सूत होतं. पुण्याहून आणलेलं, सात पदरी.

आता माणसाने काय करावं? मी खाली गेलो. झाडखात्याची बाई आली होती, पांढरा पायघोळ पोशाख, तोंडाला मास्क, हातात भिंग. तिच्या छातीवरचं नाव मी 'नियाम्ह' असं वाचलं आणि तिने ते 'नीव' असं उच्चारलं. (इथल्या नावांत अक्षरं बरीच असतात, पण त्यांतली निम्मी रजेवर असतात.) तिने चिमट्याने सूत उचललं, भिंगातून पाहिलं आणि तिचा चेहरा बदलला. धाग्यावर पिवळे आणि लाल कण होते. अंडी, असं ती पुटपुटली. मी पट्टीच्या अलीकडून हात वर केला, शाळेत करतात तसा, आणि म्हणालो की बाई, ती हळद आहे आणि ते कुंकू. मग सगळं सांगावं लागलं. वड, सावित्री, यम, सात जन्म. सत्यवान झाडाखाली कोसळतो तिथपर्यंत आलो तेव्हा ती मास्क खाली करून ऐकत होती आणि डिक्लनचं कुत्रंही बसलं होतं.

"अँड डझ इट वर्क?" तिने विचारलं.

अभ्यास चालू आहे, नमुना मीच आहे, असं मी म्हणालो.

ती हसली, तेव्हा मी जानेवारीची हकिगत सांगितली. मग ती हसली नाही. तिने सूत व्यवस्थित बुंध्याला परत लावून दिलं, लाल-पांढरी पट्टी काढली आणि मला झाडाच्या तब्येतीबद्दल जे सांगितलं ते मी तुमच्यासाठी, जसं आठवतंय तसं, लिहितो. या अळ्या इथल्याच, हिवाळी पतंगाच्या. ओकाला कोवळी पानं फुटायची वेळ आणि त्यांनी अंड्यातून निघायची वेळ एकच. इथले निळ्या टोपीचे चिमुकले पक्षी पिल्लांना याच अळ्या भरवतात, म्हणून अळ्या अजिबात नकोत असंही म्हणता येत नाही. रानातला धडधाकट ओक असा एकदा ओरबाडला गेला तरी मरत नाही. साठवणीतली ताकद काढतो आणि उन्हाळ्यात दुसऱ्यांदा पानं काढतो. पण शहरातल्या ओकाचं तसं नाही. त्याच्या मुळांवर डांबर, माती गाड्यांनी घट्ट दाबलेली, पाणी मुरत नाही, हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ मुळांशी जातं. असं झाड आधीच थकलेलं असतं. त्याची पानं लागोपाठ काही वर्षं गेली की शिल्लक संपते. अळी त्याला मारत नाही, म्हणाली, अळी फक्त शेवटचं निमित्त होते. आणि दुसरी पानं आली तरी त्यांच्यावर भुरी पडते, पांढरी, पीठ सांडल्यासारखी. तेवढं लक्ष ठेवा.

मामा, ती झाडाबद्दल बोलत होती. पण मुळांवर डांबर, दिवसभर एका जागी, मीठ जास्त, शिल्लक कमी, हे कुणाचं वर्णन आहे? हृदयाच्या डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं, फक्त त्यांनी अळीचा उल्लेख केला नव्हता.

मग समितीची सभा झाली. झाड मेलेलं आहे, असा एक पक्ष होता. मेलेल्या झाडाच्या फांद्या गाड्यांवर पडतात, त्यापेक्षा नगरपालिकेला सांगून ते काढून टाकावं आणि तिथे आणखी चार गाड्यांची सोय करावी. नीवबाईचं पत्र डिक्लनने वाचून दाखवलं, तरी माना डोलेनात. मी आजवर कुठल्या सभेत बोललेलो नाही. त्या दिवशी उठलो. काय बोललो ते मला आठवत नाही. रेवाला आठवतं, आणि ती ते मैत्रिणींना करून दाखवते. झाडाला वेळ द्या, एका मोसमाच्या पानांवरून कुणाला मेलेलं ठरवू नका, आतून त्याचं काय चाललंय ते वरून कळत नसतं, असं काहीतरी होतं. आवाज फुटला. डोळ्यांत पाणीही आलं असं रेवा म्हणते. ("बाबा, इट्स अ ट्री, लाइक.")  मागच्या रांगेतली एक आजीबाई नाक पुसायला लागली. मग डिक्लन खाकरला आणि म्हणाला की आपल्या वसाहतीत निसर्गावर एवढं प्रेम करणारा माणूस राहतो हे आपल्याला माहीतच नव्हतं. ठराव असा झाला: उन्हाळा संपेपर्यंत थांबायचं. तोवर पानं आली तर झाड राहील, नाही आली तर नगरपालिकेला कळवायचं. आणि तोपर्यंत झाडाची देखभाल उल्हासकडे. मला एक हिरवं जाकीटही मिळालं आहे. ते डिक्लनच्या मापाचं आहे.

तेव्हापासून माझे हाल सुरू आहेत. संध्याकाळी काम संपलं की झाडाला पाणी. हिरवळीवर नळ नाही. घरातून बादल्या न्याव्या लागतात, आणि हिरवळ लांबीला किती आहे हे भरलेली बादली हातात असल्याशिवाय कळत नाही. माती मोकळी करायची. मग झाडाला चहूबाजूंनी पाहायचं, कारण पानं उत्तरेकडून येणार की दक्षिणेकडून हे नीवने सांगितलं नव्हतं. म्हणून दरवेळी फेऱ्या. एका फेरीत मान वर करून शेंडे पाहायचे, दुसरीत खोड, तिसरीत जमीन, आणि मनात शंका राहिली तर पुन्हा पहिल्यापासून. पाऊस असला तरी जावं लागतं, पाऊस असला तर विशेष जावं लागतं, कारण पाणी मुळांत मुरतंय की रस्त्यावर वाहून जातंय हे तेव्हाच दिसतं. वसाहतीतली पोरं मला 'ट्री मॅन' म्हणतात. या सगळ्या धावपळीत डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं पार मागे पडलं आहे, मामा. झाडापायी मला चालायला वेळच मिळत नाही. पुढच्या महिन्यात हृदयाची तपासणी आहे, पट्ट्यावर चालवून पाहणार आहेत, आणि माझी तयारी शून्य.

आणि आता मुख्य लक्षण. गेल्या सोमवारपासून ओकाच्या शेंड्यांना काहीतरी आलं आहे. मी भुरीसाठी तयार होतो. पांढरं येईल असं सांगितलं होतं, आलं तांबडं. फांद्यांच्या अगदी टोकांना, झुपक्याझुपक्याने, तांबूस, मऊ, बोटभर, खाली मान घालून लोंबणारं. हात लावला तर रेशमासारखं लागतं. उन्हात तांब्याच्या भांड्यासारखं चमकतं. आधी उत्तरेकडे चार शेंडे होते, काल मोजायचं सोडून दिलं. रक्ताचा काही प्रकार असेल का? झाडालाही आतून गुठळी वगैरे होते का? आपल्याकडे कापसाची पानं लाल होतात तेव्हा तुम्ही 'लाल्या' म्हणता. तसं ओकाला होतं का? मी अजून डिक्लनला सांगितलेलं नाही. त्याने पाहिलं तर तो ग्रँड म्हणेल, आणि ते मला सोसणार नाही. विद्याला दाखवलं. तिने बराच वेळ वर पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "हं. लक्ष ठेवायला हवं." तुमची भाची कधी घाबरत नाही. ती असं म्हणाली म्हणजे समजा.

तर मामा, लवकर उत्तर लिहा. यावर फवारणी आहे का, की छाटणी करावी, की वाट पाहावी? मामींना नमस्कार सांगा, आंब्याला पाणी घाला आणि स्वतःला जपा. झाडं पुष्कळ असतात, पण मला कीटकशास्त्रज्ञ मामेसासरा एकच आहे.

तुमचा काळजीग्रस्त जावई,
उल्हास

ता. क. खरं सांगायचं तर पत्र ज्या कारणासाठी लिहिलं ते वर लिहायचं धाडस झालं नाही. पुढच्या वर्षी विद्या पुन्हा याच झाडाला सूत बांधणार आहे. माहेरचं झाड, त्यामुळे माझं ऐकणार नाही. तुम्ही वडीलधारे आहात, तुमचं ऐकेल. तिला सहज सुचवल्यासारखं सुचवा की झाड बदलावं. मी चौकशी केली आहे. इथे यू नावाचं एक झाड असतं, बारमाही हिरवं, अळी लागत नाही, हजार-हजार वर्षं जगतं. अडचण एवढीच की ते बहुतेक स्मशानातच असतं. तरी तिला तयार करा. तोवर माझं खातं याच झाडावर चालू ठेवतो.

ता. क. चं ता. क. हे पत्र विद्याला दाखवू नका, आणि उत्तर माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवा.

मामा, मी विद्या. त्याने उघडं पाकीट चिकटवून टपालात टाकायला माझ्याकडेच दिलं, म्हणून इथेच खाली लिहिते आहे.

ती तांबडी पानं म्हणजे पालवी आहे हे तुला पहिल्या ओळीतच कळलं असणार. ज्या आंब्याखाली आपण त्याला बसवलं होतं तो त्या दिवशी पायापासून शेंड्यापर्यंत असाच तांबूस फुटलेला होता, आणि हा खाली बसून पोह्यांत मोहरी किती आहे ते बघत होता. नीव परवा येऊन झाड बघून गेली. उत्तम फुटलंय, राहील म्हणाली. डिक्लनलाही माहीत आहे. मी दोघांना सांगून ठेवलंय की उल्हासला इतक्यात सांगायचं नाही.

कारण तू जानेवारीत इथे नव्हतास. मी त्याला जिन्यात मध्येच बसलेलं बघितलंय, कठडा धरून, आणि वर माझ्याकडे बघून "काही नाही, ग्रँड आहे" म्हणताना. तेव्हापासून मी त्याला चाल चाल म्हणून सांगून थकले. बूट आणले, घड्याळ आणलं, भांडले. माझ्यासाठी नाही चालला, स्वतःसाठी नाही चालला. झाडासाठी चालतोय. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला सगळं दिसतं. पहिल्या आठवड्यात एक बादली नेताना दोनदा थांबायचा. काल पावसात दोन बादल्या घेऊन न थांबता गेला, वर आणि पोरांवर ओरडलाही.

म्हणून त्याला उत्तर लिहिशील तेव्हा असं लिही की लक्षण काळजीचं आहे, पण आशा आहे. फवारणी नको, फक्त रोज संध्याकाळी सगळीकडून तपासायला हवं. आणि ऑक्टोबरपासून बुंध्याला चिकटपट्टी बांधायला सांग. या पतंगाच्या माद्यांना पंख नसतात, त्या हिवाळ्यात चालत झाडावर चढतात, असं नीव म्हणाली; बिनपंखांची मादी कशी असते ते तूच मला लहानपणी डब्यात दाखवलं होतंस. ती पट्टी रोज जाऊन बघावी लागते असं लिही. म्हणजे हिवाळाही निघेल.

झाड मी बदलणार नाही, हे त्याला तूच सांग. मी सात फेऱ्या घातल्या होत्या, मामा. पुढच्या तो स्वतःच घालतोय. त्याला थांबवू नकोस.